दोन ब्रेकची गाडी

मधलीनं आजवर कुणालाही नाही म्हटलं नव्हतं, आणि त्याचं फळ या रविवारी तिच्या पदरात पडायचं होतं.

ती दातांची डॉक्टर. माणूस खुर्चीत आ वासून पडलेला असायचा आणि ही वरून सांगायची, "काही दुखणार नाही हं." दुखायचं. पण तोंडात कापूस कोंबलेला असल्यामुळे कुणाला उलट बोलता यायचं नाही, आणि कापूस निघेपर्यंत राग मावळलेला असायचा. या एका वाक्यावर तिचा दवाखाना चालला, संसार चालला, आणि भावंडांमधलं मधलेपणही निभावलं. दादानं काही मागितलं की हो. धाकटीनं काही मागितलं की हो. दोघांनी एकमेकांच्या उलट मागितलं तरी हो, कारण दोघं एका वेळी समोर येत नाहीत, असा तिचा वर्षानुवर्षांचा अनुभव होता.

आज येणार होते. तेही खालच्या जमिनीवरून भांडायला.

खालची जमीन म्हणजे काकांच्या घरामागचा उतार संपतो तिथून सुरू होणारी पाणथळ. गवत, लव्हाळं, मधूनमधून चमकणारं पाणी. या जमिनीनं घराण्यात कुणाला सुखानं झोपू दिलं नव्हतं. पणजोबांनी ती सुकवायला चर खणले. आजोबांनी तेच चर बुजवून मासे सोडले, आणि पहिल्याच पुरात मासे आजोबांचा निरोप न घेता निघून गेले. बाबांनी कडेला एक बुटका बांध घातला आणि त्यावर बसून पक्षी बघत म्हातारे झाले. आता बाबाही गेले होते, जमीन तिघांच्या नावावर होती आणि तिघांच्या तीन तऱ्हा होत्या. खरं तर दोनच तऱ्हा होत्या. तिसरी दोन्ही तऱ्हांना मान डोलावून बसली होती.

दादाची ड्रायव्हिंग स्कूल. त्याला खालच्या जमिनीवर खडीचा भराव टाकून गाडी शिकवायचा ट्रॅक करायचा होता. चढ, वळणं, सिग्नल, उलटी गाडी लावायची जागा, सगळं. धाकटी कोर्टात स्टेनो. तिला जमीन जशी आहे तशीच ठेवायचा करार करायचा होता. मालकी घरातच राहील, पण तिथे कुणी कधी बांधणार नाही, बुजवणार नाही, सुकवणार नाही. जमिनी राखणारी एक संस्था असे करार करत असे. तिथली बाई आज कागद घेऊन येणार होती आणि तिला तिघांच्या सह्या हव्या होत्या. एकाचीही कमी चालणार नव्हती.

बसमधून उतरताना मधलीनं मनाशी ठरवलं, की आपल्याला ताप आला आहे. पण काकांच्या घराच्या फाटकातून आत शिरताच दादानं तिला गाठलं.

तो स्कूलची गाडी पुसत होता. टपावर लाल अक्षराची पाटी, आणि पुढे दोन्ही बाजूंना ब्रेक. एक शिकणाऱ्याचा, एक शिकवणाऱ्याचा. आयुष्यभर शिकवणाऱ्याच्या जागी बसल्यामुळे दादाला खोड लागली होती. समोरच्याचं बोलणं पटलं नाही की त्याचा उजवा पाय आपोआप जमीन दाबायचा. लग्नाच्या बोलणीत त्यानं इतकी जमीन दाबली होती, की वहिनीच्या वडिलांना वाटलं मुलाच्या पायात दोष आहे.

"आलीस? बरं झालं," तो हळू आवाजात म्हणाला. "आज फक्त माझ्या बाजूनं उभी राहा. बाकी मी बघतो."

"अर्थात," मधली म्हणाली.

"उद्या सकाळी खडीच्या गाड्या येतायत."

"उद्याच?"

"तू हो म्हणालीस, मग थांबायचं कशाला?"

तिला खरोखरच ताप आल्यासारखं वाटलं. ती आत गेली. स्वयंपाकघरात धाकटी पावाला लोणी लावत होती. लावत कसली, पावाला शिक्षा देत होती.

"ताई, तो अंगणात काय म्हणत होता?"

"काही नाही. हवा बरी आहे म्हणाला."

"तू माझ्या बाजूची आहेस ना? नक्की?"

"अर्थात," मधली म्हणाली, आणि पाणी प्यायच्या निमित्तानं मागच्या कोठीच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

तिथे वहिनी आधीच उभी होती. हातात बिस्किटांचा डबा, आणि चेहऱ्यावर दोन्ही खिडक्यांतून सगळं ऐकू आल्याचं समाधान.

"वन्सं," ती म्हणाली, "दोन 'अर्थात' ऐकले. एक पुढच्या दारी, एक मागच्या दारी. आता तिसरा कुणासाठी राखून ठेवलाय?"

"वहिनी, तू तरी मला वाचव."

"मी कशी वाचवू? मी तुमच्या भावाच्या मागे खंबीरपणे उभी आहे, असं त्यांना वाटतंय. मला ते वाटणं मोडायचं नाहीये." वहिनीनं एक बिस्कीट तिच्या हातावर ठेवलं. "खाऊन घ्या. रिकाम्या पोटी फजिती सोसत नाही."

मग संस्थेची ती बाई आली. सायकलवरून आली, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, आणि काकांनी दार उघडताच म्हणाली, "तुमच्या खालच्या फाटकाची कडी निघालीय." त्या क्षणापासून घरात तिचं नाव बूटवाली पडलं.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. जन्मभर बँडमध्ये ट्रम्पेट वाजवून ते या घरात येऊन राहिले होते. सगळे टेबलाभोवती बसले, आणि प्रत्येकानं आपली तोफ काकांच्या खांद्यावर ठेवून डागली.

"काकांचा विचार करा," दादा म्हणाला. "म्हातारा माणूस इथे एकटा. ट्रॅक झाला की दिवसभर माणसांची ये-जा राहील."

"काकांचा विचार करा," धाकटी म्हणाली. "त्यांना ही शांतता हवी असते. त्यांच्या डोळ्यांसमोर खडीचे ढीग ओतणार?"

काका चहात बिस्कीट बुडवत होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही. बिस्कीट तुटून चहात पडलं आणि ते चमच्यानं शोधत बसले.

बूटवाली समजुतीनं बोलत होती. खालची जमीन पाऊस पिऊन घेते आणि मग हळूहळू सोडते, म्हणून खालच्या वस्तीत फार पाणी शिरत नाही. ती स्पंजासारखी आहे. त्यावर भराव टाकला तर पाणी दुसरीकडे वाट काढणार.

"स्पंज?" दादा म्हणाला. टेबलाखाली त्याचा पाय दाबला गेला. "कित्येक दिवसांत पाऊस नाही. जमीन ठणठणीत कोरडी आहे."

"वरून," बूटवाली म्हणाली.

"चला. दाखवतोच. सगळे गाडीत बसा."

"मी चालत येते."

"अहो, मी गाडी शिकवतो. माझ्या गाडीत बसायला घाबरता?"

माणूस दुखावला जाईल म्हणून बूटवाली गाडीत बसली. "पण फाटकापर्यंतच," तिनं बजावलं. "पुढे गवतात पक्ष्यांची घरटी आहेत."

"फाटकापर्यंतच," दादानं कबूल केलं.

मधलीला मागे बसलं की मळमळतं, म्हणून ती पुढे बसली, शिकवणाऱ्याच्या जागी. मागे एका खिडकीशी वहिनी, दुसऱ्या खिडकीशी धाकटी, आणि मधे बूटवाली, गुडघे जवळ घेऊन. काका म्हणाले, मी इथूनच बघतो, आणि कप घेऊन उतारावर जाऊन बसले.

गाडी डुलत डुलत उतार उतरली. फाटक आलं. कडी नसलेलं फाटक सताड उघडं होतं, आणि दादाच्या मते उघडं फाटक म्हणजे हिरवा सिग्नल.

"फाटक," बूटवाली म्हणाली.

"जरासं पुढे. चार पावलं. बघा, काय हलतंय का? इथे चढ येणार. इथे सिग्नल. त्या लव्हाळ्यापाशी उलटी गाडी लावायला शिकवायचं." दादाचा आवाज पोरासारखा झाला होता. "माझी मुलं आता भर रस्त्यात शिकतात. मागून ट्रक भोंगे मारतात, मुली रडतात. त्यांना एक जागा नको, जिथे चुकलं तरी चालेल?"

ते मात्र मधलीला मनापासून पटलं. तिची मान हललीसुद्धा. दादानं ती हललेली बघितली आणि त्याला हुरूप आला.

"आणि मधलीचा तर पहिल्यापासून होकार आहे," तो आरशात बघून म्हणाला.

मागे धाकटी सीटच्या कडेशी सरकली.

"कुणाचा होकार?" धाकटी म्हणाली.

"मधलीचा."

"ताईचा होकार माझ्याकडे आहे."

"तुझ्याकडे कसा असेल? माझ्याकडे आहे."

दादानं मान वळवून मधलीकडे पाहिलं. मागून धाकटीचं तोंड दोन सीटांच्या मधून पुढे आलं. गाडी चालतच होती. दोन चेहरे, दोन्ही रक्ताचे, दोन्ही एकाच वेळी, आणि दोघांच्याही तोंडात कापूस नाही. मधलीनं तोंड उघडलं. दोघांना एकदम पुरेल असं वाक्य ती शोधत होती, आणि असं वाक्य अजून कुणी बनवलेलं नव्हतं. तेव्हा तिचा पाय तिच्या आधी बोलला. समोर जो ब्रेक होता तो तिनं जीव खाऊन दाबला.

गाडी जागच्या जागी थांबली. बूटवालीचं नाक दादाच्या सीटवर आपटलं.

"ब्रेक कुणी मारला?"

"मी."

"अगं, इथे थांबायचं नसतं! ओल्या जागी थांबलं की संपलं!"

"ओली?" धाकटी म्हणाली. "मगाशी ठणठणीत होती."

तेवढ्यात गाडीच्या खालून कुणीतरी दमून बसल्यासारखा आवाज आला. गाडीनं नाक जरा खाली केलं, मग ढुंगण खाली केलं, आणि मग म्हशीसारखी आरामात बसली. दादानं ॲक्सिलरेटर दाबला. चाकं गरगर फिरली, मागची काच चिखलानं काळी झाली आणि गाडी आणखी एक वीतभर खाली गेली. दारं उघडेनात. काच खाली करून पाहिलं तर बाहेर गवताची मुळं आणि काळं पाणी थेट दाराच्या कडेशी आलेलं.

उतारावर काका उठून उभे राहिले. त्यांनी हात हलवला.

"फळ्या आणा!" दादा ओरडला.

काकांनी आधी कप संपवला आणि मग ते घराकडे निघाले. त्यांची चाल बघून सगळ्यांना कळलं, की आता वेळच वेळ आहे.

"तर," धाकटी म्हणाली. कोर्टात दिवसभर लोकांचं बोलणं टिपून टिपून तिला ऐकलेला शब्दन् शब्द पाठ राहायचा, आणि घरात सगळे याच गुणाला भिऊन असत. "ताई, तू मला म्हणालीस, 'तू काळजी करू नकोस, मी तुझ्याच बाजूची आहे. दादाला मी समजावते.' दवाखान्याच्या पायरीवर उभी होतीस. छत्री मिटत होतीस."

"मलाही हेच म्हणाली!" दादा म्हणाला. "'तू काळजी करू नकोस, मी तुझ्याच बाजूची आहे. धाकटीला मी समजावते.'"

"छत्री होती?"

"छत्री नव्हती. हातात चिमटा होता."

"म्हणजे मजकूर तोच. फक्त नाव बदललं."

मागून वहिनीला हसू फुटलं. ती पदर तोंडावर दाबून हसत होती आणि तिच्या हसण्यानं गाडी हलत होती.

"तू कशाला हसतेस?" दादा चिडला. "तू तरी माझ्या मागे आहेस ना?"

"तुमच्या मागेच आहे," वहिनी म्हणाली. "मागच्या सीटवर."

"म्हणजे काय?"

वहिनीचं हसू ओसरलं. गाडी रुतलेलीच होती, दारं बंद होती, दादाला पाय आपटत निघून जाता येणार नव्हतं. इतक्या वर्षांत अशी संधी तिला मिळाली नव्हती.

"अहो, ट्रॅक झाला की तुम्ही दिवसभर इथे. मग म्हणाल, घरही इथेच हलवू. सकाळ-संध्याकाळ तुम्ही घरात. मी भाजी चिरताना तुमचा पाय जमीन दाबणार, मी फोनवर बोलताना दाबणार. आत्ता निदान तुम्ही शहरभर फिरता आणि संध्याकाळी दमून येता. मला तो दमलेला नवरा आवडतो."

दादाचा पाय खाली गेला, पण तिथे खरा ब्रेक होता, आणि त्याचा आता काही उपयोग नव्हता.

"ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. "बायको उलटली, बहीण आधीच उलटी होती. मधली, आता तू सांग. खरं काय ते सांग. हो की नाही?"

मधलीनं पुढच्या काचेतून पाहिलं. एक बारका तपकिरी पक्षी बॉनेटवर येऊन बसला होता आणि वायपरकडे संशयानं बघत होता.

"नाही," ती म्हणाली.

शब्द इतका लहान निघाला की तिलाच शंका आली. म्हणून तिनं पुन्हा म्हटलं. "नाही. ट्रॅक नको."

"का?"

"माझ्या खुर्चीखाली पाणी येतं, दादा."

"कुठल्या खुर्चीखाली?"

"दवाखान्यातल्या. शेजारच्यांनी त्यांची अर्धी पाणथळ बुजवून टाइल्सचं गोदाम बांधलं, तेव्हापासून. जोराचा पाऊस आला की पाणी गल्लीतून पायऱ्या चढतं. पेशंट पाय वर घेऊन बसतात. दारात मी वाळूची पोती लावते. उरलेली जमीन आपण बुजवली तर मला दवाखाना गच्चीवर न्यावा लागेल."

बूटवाली नाक चोळत पुढे वाकली. "खालच्या गल्लीत ना? डाव्या हाताचा दवाखाना? आम्हाला तिथून तक्रारी आल्यात. तुमची कधी आली नाही."

"मी कुणाची तक्रार करत नाही," मधली म्हणाली.

दादा तिच्याकडे वळला. "शेजाऱ्यांना भराव टाकायचा सल्ला मी दिला होता."

"माहितीये."

"खडीवालाही मीच गाठून दिला."

"तेही माहितीये."

"तू म्हणालीस नळ फुटला! मी तुझ्याकडे प्लंबर पाठवला होता!"

"आला होता. त्याचीच दाढ किडली होती. ती काढून दिली आणि परत पाठवला."

धाकटी हसणार होती, पण दादाचा चेहरा बघून थांबली. तो रागावला नव्हता, आणि हेच भीतीदायक होतं. त्यानं स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले. गाडीत बसल्यावर दादाचे हात मांडीवर आलेले आजवर कुणी बघितले नव्हते.

"तू नाही म्हणाली असतीस," तो म्हणाला, "तर मी तुझ्याशी भांडलो असतो. महिनाभर बोललो नसतो. मग वहिनीनं तुला जेवायला बोलावलं असतं आणि मिटलं असतं. आपलं असंच मिटतं. पण तू हो म्हणालीस. मी सगळ्यांना सांगितलं. माझ्या पोरांना सांगितलं, पुढच्या बॅचला रस्त्यावर रडावं लागणार नाही. खडी सांगितली. तुझ्या त्या 'अर्थात'वर मी घर बांधत होतो गं. खाली चिखल आहे, एवढं सांगायचं होतंस."

मधलीचे डोळे भरून आले. ती पर्समध्ये रुमाल शोधू लागली. तो सापडेना, तेव्हा मागून बूटवालीनं आपला दिला. त्याला गवताचा वास येत होता.

"मला वाटायचं, तुला दुखेल," मधली म्हणाली.

"दुखलंच ना!"

"ताई," धाकटी म्हणाली. तिचा आवाज आता पहिल्यासारखा सरकारी राहिला नव्हता. "मलाही एक सांग. तू माझ्या बाजूची आहेस, ते तरी खरं आहे?"

मधलीला आता ओघ सापडला होता. "पूर्ण नाही. तू बाबा मधे आणतेस ते मला आवडत नाही. बाबांची इच्छा, बाबांची इच्छा. बाबांची इच्छा फक्त घरातल्या आवाजापासून लांब बसायची होती. आणि डास मला आजही सहन होत नाहीत."

"डास मलाही सहन होत नाहीत," धाकटीनं कबूल केलं. एवढ्या वर्षांत हे ती पहिल्यांदाच बोलत होती.

फळ्या आल्या. काकांनी त्या एकामागून एक गवतावर टाकल्या आणि शेवटच्या फळीवर बूड टेकून ते खिडकीशी बसले. एकेकाला खिडकीतून ओढून काढावं लागलं. वहिनी अडकली, सुटली, आणि सुटताना दादाच्या अंगावर पडली. दोघं फळीवरून घसरून गुडघाभर चिखलात उभे राहिले. पर्स, चपला सगळं आतच राहिलं; आधी माणसं काढू आणि सामान नंतर, असं ठरलं.

दादा चिखलातून निघेना. काकांच्या हातातली कपडे वाळत घालायची लांब काठी त्यानं घेतली आणि गाडीच्या पुढे जमिनीत खुपसली. काठी शिरली. त्यानं जोर दिला. आणखी शिरली. शेवटी मुठीएवढं टोक वर राहिलं आणि तरी तळ लागेना. त्यानं हात सोडला तेव्हा तेही टोक सावकाश आत गेलं.

"माझी काठी," काका म्हणाले.

दादा जिथे काठी होती तिथे बराच वेळ बघत राहिला. तिथे एक बुडबुडा आला आणि फुटला. मग त्यानं खिशातून फोन काढला, चिखलाचे हात शर्टाला पुसले आणि खडीवाल्याला लावला. "उद्या येऊ नका," तो म्हणाला. "नाही. परवाही नाही. अहो, तुमच्या सगळ्या गाड्या टाकल्या तरी हा चिखल भरायचा नाही." तिकडून काहीतरी आलं. "असू दे, आगाऊ दिलेले तुम्हीच ठेवा," म्हणून त्यानं फोन बंद केला.

घरात आल्यावर कुणी खुर्चीवर बसेना, कारण खुर्च्या काकांच्या होत्या आणि चिखल सगळ्यांचा. उभ्या उभ्याच बूटवालीनं टेबलापाशी राहिलेल्या आपल्या पिशवीतून कागद काढले. धाकटीनं सही केली. मधलीनं केली. दादानं पेन घेतलं आणि म्हणाला, "ही सही मी हरलो म्हणून करत नाहीये. नीट समजून घ्या."

"कुणी काही म्हणालं का?" वहिनी म्हणाली.

त्यानं सही केली. इतक्या जोरात, की खाली टेबलावर उमटली.

"आता एकच राहिलं," बूटवाली म्हणाली. "देखरेखीला घरातला एक माणूस लागतो. बांध बघायचा, पाणी बघायचं, आत कुणी काही टाकत नाही ना ते बघायचं. काका इथेच असतात, म्हणून मी त्यांचं नाव—"

"मी चाललोय," काका म्हणाले.

सगळे वळले.

"कुठे?"

"माझा क्लॅरिनेटवाला दोस्त आहे ना, त्याच्याकडे. त्याच्या इमारतीला लिफ्ट आहे. नळाला गरम पाणी येतं. खाली चहाचं दुकान, चोवीस तास गलका." काकांचे डोळे चमकत होते. "इथे येऊन राहिलो तेव्हापासून माझे पाय ओले आहेत. मला शांतता आवडते असं तुम्हाला कुणी सांगितलं? मी ट्रम्पेट वाजवायचो."

"पण काका, आम्हाला कधी बोलला नाहीत," धाकटी म्हणाली.

"विचारलंत कधी? माझ्या नावानं भांडताना तुम्ही इतके रंगात यायचात, की मधे बोलणं बरं दिसेना."

मग सगळ्यांच्या माना हळूहळू मधलीकडे वळल्या. सवयच तशी होती. घरात कुणाला न जमणारं काम निघालं की ते उताराच्या पाण्यासारखं तिच्याकडे यायचं. बूटवालीनं तर पेनसुद्धा पुढे केलं.

"नाही," मधली म्हणाली.

या वेळी शब्द आपल्या पायांवर उभा होता. कारण द्यायला तिनं तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की कारण द्यायलाच हवं असं काही नाही. तिनं तोंड मिटलं. फार छान वाटलं.

"मलाही जमणार नाही, कोर्ट असतं," धाकटी म्हणाली.

"मी बघतो," दादा म्हणाला.

"तू?"

"त्यात काय? दिवसातून एक फेरी मारायची. आत कोण शिरतंय, कसं शिरतंय, कुठून वळतंय यावर लक्ष ठेवायचं. मी आयुष्यभर दुसरं काय केलंय?" तो कागद ओढून घेऊन वाचू लागला. दादा कधीच कुठला कागद वाचत नसे. आता मात्र तो ओठ हलवत, बोट फिरवत एकेक ओळ वाचत होता, आणि मधेच म्हणाला, "हे चांगलं लिहिलंय." वहिनी त्याच्या मागे उभी राहून त्याच्या पाठीवरचा वाळलेला चिखल नखानं खरवडत होती.

तेवढ्यात बाहेर फटफट आवाज झाला. गाडी ओढून काढायला काकांनी वरच्या रस्त्यावरच्या ट्रॅक्टरवाल्याला बोलावलं होतं. तो उतार उतरून फाटकापाशी पोचतोय तोच दादा घरातून धावत सुटला. त्यामागे सगळे धावले. फाटकात दादा दोन्ही हात पसरून उभा होता.

"थांब! आत नाही!"

"साहेब, गाडी काढायचीये ना?" ट्रॅक्टरवाला म्हणाला.

"काढायचीये. पण ट्रॅक्टर आत नाही. अवजड वाहन आणायचं नाही, असं करारात आहे. बाई, आहे की नाही?"

"आहे," बूटवाली चाचरत म्हणाली. "पण गाडी काढण्यापुरतं एकदा—"

"एकदा म्हणून सगळे शिरतात!" दादा गरजला. "आज ट्रॅक्टर, उद्या आणखी कोण! घरटी आहेत तिथे!"

"अहो," वहिनी म्हणाली, "तुमची गाडी आहे ती."

"माहितीये मला. उन्हाळ्यात निघेल."

"आणि तोवर शिकवणार कशावर?"

"दुसरी आहे ना. तिला ब्रेक जरा कडक आहेत, पण आहे."

ट्रॅक्टरवाल्यानं एकदा या माणसाकडे पाहिलं, एकदा त्या गाडीकडे. टपावरची लाल पाटी लव्हाळ्याच्या वर दिसत होती आणि तो तपकिरी पक्षी आता तिच्यावर बसला होता. मग ट्रॅक्टरवाला मान हलवून, ट्रॅक्टर वळवून निघून गेला. धाकटी दादाकडे अशा नजरेनं बघत होती, जणू साक्षीदारानं ऐनवेळी तिच्या बाजूनं साक्ष दिली आणि ती जरुरीपेक्षा जास्तच दिली.

मधलीला भावाचा अभिमान वाटला. असा अभिमान वाटून घेत ती फाटकाला टेकून उभी होती, तेव्हा तिला आठवलं, की आपली पर्स गाडीत पुढच्या सीटवर आहे. पर्समध्ये दवाखान्याच्या किल्ल्या. उद्या सकाळी पहिला पेशंट सुजलेला गाल घेऊन येणार.

"दादा, मला एकदा आत जाऊन यावं लागेल," ती म्हणाली. "पर्स राहिली."

दादानं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग फळ्यांकडे पाहिलं, गवताकडे पाहिलं, आणि अगदी नव्या अधिकाऱ्याच्या गंभीरपणे विचार केला.

"फळीवरूनच जायचं," तो म्हणाला. "डावीकडचं गवत तुडवायचं नाही. काही तोडायचं नाही. आणि मोठ्यानं बोलायचं नाही."

"बरं."

"नुसतं बरं नको. ऐकतेयस का?"

"ऐकतेय रे," मधली म्हणाली, आणि साडी वर खोचून पहिल्या फळीवर पाय ठेवला.